जाळ्याचं वजन

मला कुणी नेटवाली म्हणालं तर मी आता रागावत नाही. एके काळी त्याच नावाने हाक मारणाऱ्या ट्रकवाल्याला मी ओला खराटा फेकून मारला होता, आणि तो बरोब्बर बसलाही होता. पण ती गोष्ट जुनी. आज सातपाटीत नेटवालीचं घर कुठलं म्हणून विचारा, शेंबडं पोरही माझ्या दारात आणून सोडेल. हे नाव मला फुकट नाही मिळालं. कसं मिळालं ते सांगते, पण मध्ये बोलायचं नाही.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. बोईसरला एमआयडीसीत तेव्हा एक नवीन कोल्ड स्टोरेज उघडलं होतं. त्यांनी आमच्या बंदरावर पत्र्याची एक शेड घातली. पहाटे होड्या लागल्या की पापलेट शेडमध्ये यायचं, आम्ही तीस बायका ते निवडून बर्फात घालून लाकडी पेट्यांत भरायचो, दुपारी ट्रक बोईसरला न्यायचा. तिथून माल मुंबईच्या व्यापाऱ्याकडे. बायकांची मुकादम होती माझी सासू, येसूबाई. मी तिला आय म्हणायची. सही येत नव्हती, पण पापलेट हातात घेतलं की ते कालचं की आजचं हे न वास घेता सांगायची. आणि मी तीस बायकांत एकटी दहावी पास. म्हणून प्रत्येक पेटीसोबत जाणारा फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. काय सांगू, त्या दिवशी मी नवी साडी नेसून शेडवर गेले होते!

फॉर्म इंग्रजीत. वर नाव-गाव, खाली दोन ओळी. ग्रॉस वेट आणि नेट वेट. वेट म्हणजे वजन, ते मला ठाऊक होतं. ग्रॉसचं मी माल मोजून घेणाऱ्या रामूला विचारलं. हा रामू म्हणजे कोल्ड स्टोरेजचा क्लार्क, पालघरचा, बी.कॉम., खिशाला दोन पेनं. तो म्हणाला, "ग्रॉस म्हणजे सगळं मिळून, पेटीसकट." नेटचं मी विचारलंच नाही. का विचारू? मी सातपाटीची. जन्मल्यापासून ज्याच्यावर झोपले, ज्याच्याखाली खेळले, ती वस्तू मला कुणी शिकवायची? नेट म्हणजे जाळं. पाचवीच्या पुस्तकात चित्रासकट होतं.

मी सरळ माझ्या नवऱ्याकडे गेले. महादू वाळूत जाळं सुकवत बसला होता. म्हटलं, "उठा, जाळं काट्यावर घ्या."

"कशाला? सायबाला जालं इकायचं हाय का?"

"फॉर्ममध्ये विचारलंय. ज्या जाळ्यात मासा गावला त्याचं वजन."

महादूने डोकं खाजवलं. म्हणाला, "ओलं का सुकं?"

बघा, धंद्याचा माणूस. त्याचा प्रश्न बरोबर होता. फॉर्ममध्ये ओलं का सुकं ते लिहिलं नव्हतं. मला वाटलं, ही साहेबांची चूक. मग आम्ही दोघांनी मिळून ते सुकं जाळं काट्याला टांगलं, बोया-बिया सगळं धरून, आणि मी झोकात लिहिलं: ग्रॉस वेट चोवीस किलो, नेट वेट शेहेचाळीस किलो.

रामूने फॉर्म वाचला. एकदा वाचला, परत वाचला. मग जो हसायला लागला तो थांबेचना. ट्रकवाल्याला बोलावलं, हमालांना बोलावलं. "अरे बघा रे, पेटी चोवीस किलोची आणि आतला माल शेहेचाळीस किलोचा! बाईने जाळं मोजलंय, जाळं!" तो कागद त्याने शेडच्या दाराला खिळ्याने ठोकला. येणारा-जाणारा वाचायचा, ज्याला वाचता येत नाही त्याला दुसरा वाचून दाखवायचा. ट्रकवाला रोज ओरडायचा, "ओ नेटवाली भाभी, आज नेट कितना हुआ?" खराटा मी त्याला तेव्हाच मारला.

पण खरं सांगू? रात्रभर रडले. अडाणी बाई चुकली तर लोक म्हणतात, बिचारी. शिकलेली चुकली की सगळ्या जगाला हसण्याच्या उकळ्या फुटतात. मी आयला म्हटलं, "मी उद्यापासून फॉर्म भरणार नाही." ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "चुकलीस, तं जा नि इचारून ये. रडून काय इंग्रजी येनार हाय?"

मग रविवारी एसटी पकडून पालघरला गेले, माझ्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांकडे. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून सुके बोंबील नेले. सरांच्या घरात मासे चालत नाहीत हे मला कुठे माहीत! त्यांच्या बायकोने पदर नाकाला लावून ती पिशवी चिमटीत धरली आणि मागच्या अंगणात पेरूच्या झाडाला टांगली. पण सर मोठ्या मनाचे. चहा दिला, माझं ऐकून घेतलं, आणि हसले नाहीत. उलट म्हणाले, "जमना, तू चुकलीस ते तुला शब्द येत होता म्हणून. ज्याला येत नाही, तो विचारतो."

मग त्यांनी उशीएवढी डिक्शनरी मांडीवर घेतली. बोट ठेवून दाखवलं. नेट एकदा नाही, दोनदा छापलेलं होतं, वेगवेगळं.

"हा पहिला नेट तुझा. जाळं. इंग्रजांचा फार जुना, घरचा शब्द. त्यांच्याकडेही समुद्र आहे, कोळी आहेत. व्हॉलीबॉलला मध्ये बांधतात तेही नेट, केस बांधायची जाळीही नेट. आणि जाळ्यात मासा धरणं, त्यालाही नेट करणं म्हणतात."

"आणि दुसरा?"

"दुसरा बाहेरून आलेला. फ्रेंचांकडून. त्यांनी घेतला लॅटिनमधून. तिथे त्याचा अर्थ लखलखीत, चमकणारं. मग झाला स्वच्छ. इंग्रजीत नीट म्हणतात ना, नीटनेटकं या अर्थी? तोही त्यातलाच. आणि स्वच्छ म्हणजे काय? जे नको ते सगळं काढून टाकल्यावर उरतं ते. पेटी काढ, गवत काढ, कागद काढ. उरलेला निव्वळ माल म्हणजे नेट वेट. दोघांचं स्पेलिंग एक, नातं काही नाही. एका गावात दोन महादू असतात तसं."

मी विचारलं, "आणि बर्फ?"

"बर्फ तू विकतेस का?"

"नाही."

"मग तोही काढ."

निघताना मी विचारलं, "सर, आपण मराठीत नेट लाव म्हणतो, नेटाने कर म्हणतो, तो कुणाचा?" सर म्हणाले, "तो आपला. जोर, रेटा. त्याचा या दोघांशी संबंध नाही." असेल, डिक्शनरीत नसेल संबंध. मी एसटीत बसल्या बसल्या ठरवलं, माझ्याकडे आहे.

सोमवारी मी रामूला म्हटलं, "नेट मला कळलं. पेटी आणि बर्फ वजा करायचा. चोवीसातून पेटीचे चार गेले, आपण घालतो त्या बर्फाचे तीन गेले, राहिले सतरा."

त्याने माझ्या हातातून फॉर्मांचा गठ्ठाच काढून घेतला. "तू ग्रॉस लिही. नेट यापुढे मी लिहीन. तू जाळी मोज." आणि माझ्यासमोर त्याने चोवीसातून चार काढून वीस लिहिले. मी म्हटलं, "बर्फ राहिला." तो म्हणाला, "बी.कॉम. कोण आहे, तू का मी?"

मी गप्प बसले. ही माझी खरी चूक. जाळं मोजलं ती नव्हे, ही. दाराला कागद लटकत होता ना, माझं तोंड शिवलेलं.

दोन महिने गेले. एक दिवस बोईसरहून जीप आली. मॅनेजरसाहेब स्वतः उतरले, तोंड फुगलेलं. मुंबईच्या व्यापाऱ्याने कळवलं होतं की कागदावर वीस किलो आणि पेटीत सतराच निघतात. प्रत्येक पेटीत तीन किलो पापलेट गायब. साहेबांनी सगळ्या बायकांना उभं केलं आणि म्हणाले, "भरणारे हात तुमचे. मासे जातात कुठे? उद्यापासून घरी जाताना वॉचमन तुमच्या टोपल्या तपासेल. आणि शनिवारी व्यापारी येतोय. त्याच्यासमोर मुकादमबाईने माफीच्या कागदावर अंगठा द्यायचा. नाहीतर शेड बंद, बोईसरहून आम्ही आमची माणसं आणू."

आय पुढे गेली. साठीची बाई, साहेबांच्या खांद्याला लागत होती. म्हणाली, "सायेब, माझ्या टोपलीत हात घालायची हिंमत माझ्या नवऱ्यानं केली नाय कदी. आनि माफी कसली? माफी चोर मागतो."

"मग शनिवारी सिद्ध करा," साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

ते चार दिवस मला आठवतात. आय बंदरावर गेली नाही. तीस बायकांच्या घरची चूल तिच्या एका अंगठ्यावर होती, हे तिला कळत होतं. मंजुळा आणि नवसी, दोघी तिच्या बरोबरीच्या, रात्री येऊन हळूच म्हणाल्या, "येसू, दे अंगठा. काय झिजतं? पोटाचं बघ." आयने त्यांना दारापर्यंत सोडलं. त्या गेल्यावर मला म्हणाली, "जमने, चालीस वर्सं मी या बंदरावर उभी हाय. वाटेत पडलेली कोलबी बी ज्याची त्याला दिली. आता मरताना चोर म्हनून जाऊ?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तीन किलो! तीन किलो म्हणजे बर्फच की! मी उठून बोईसरला गेले, साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, रामू शिकलेला माणूस आहे. तो जाळ्याचं वजन तरी लिहीत नाही." म्हणजे दारावरचा कागद बोईसरपर्यंत पोचला होता. मी म्हटलं, "ठीक आहे. शनिवारी आय अंगठा देईल. पण आधी एक पेटी सगळ्यांसमोर भरायची आणि सगळ्यांसमोर मोजायची." साहेब म्हणाले, "मोजा."

आता मोजायचं कसं? बर्फाचा चुरा माशांत मिसळलेला. हाताने वेचायला गेलं तर दुपार होईल, आणि रामू म्हणणार दोन मासे लपवले. पाणी मारून बर्फ वितळवला तर मासा कशात धरायचा? घमेल्यात पाणी साचतं. मी विचार करत बसले होते आणि समोर खुंटीवर सासऱ्यांचं जुनं जाळं होतं. सुताचं, त्यांच्या हाताने विणलेला तुकडा, नायलॉन यायच्या आधीचा. मला हसूच आलं. मी तो तुकडा घरच्या काट्यावर घातला, एक किलो भरला, आणि पिशवीत घालून ठेवला.

शनिवारी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. साहेब, मुंबईचा व्यापारी, रामू, आणि सगळं बंदर. टेबलावर माफीचा टाइप केलेला कागद आणि शाईचा डबा, झाकण उघडून ठेवलेला. आयने बायकांकडून पेटी भरून घेतली, रोजच्यासारखी, तोच हात, तेवढाच बर्फ. काट्यावर चोवीस. रामूने पेन काढलं आणि मोठ्याने म्हणाला, "पेटी चार. नेट वीस." आणि लिहिलं.

मी जाळं काढलं. ते बघून ट्रकवाला ओरडला, "अरे, नेटवाली नेट लायी!" सगळी शेड खदखदली. साहेबही हसले. मी दात आवळून जाळ्याची झोळी केली, टांगत्या काट्याला अडकवली, आणि महादूने पेटी त्यात उपडी केली. नवसीने वरून कळशीने पाणी सोडलं. बर्फ विरघळून जाळ्यातून खाली गेला, घमेलीच्या घमेली पाणी वाहिलं, आणि पापलेटं राहिली, स्वच्छ, लखलखीत. मला सरांची डिक्शनरी आठवली. दोन्ही नेट एकमेकांना भेटले होते, सातपाटीत, माझ्या सासऱ्याच्या जाळ्यात.

पाणी निथळून थेंब थांबले तेव्हा व्यापाऱ्याने काट्याजवळ जाऊन वाचलं. "साडेअठरा."

"म्हणजे वीस नाहीतच," मी म्हटलं.

पण रामू उडी मारून पुढे आला. "सतरा पण नाहीत! शेटला पोचतात सतरा, इथे साडेअठरा. मग दीड किलो रोज कुठे जातं? दीड किलो तर चोरलंच!"

मी मुद्दाम त्याच्याकडे बघत राहिले. त्याची नजर काट्यावर गेली, मासे बघितले, मग माशांभोवतीचं जाळं बघितलं, आणि त्याचा चेहरा जो पडला म्हणता! शेवटी व्यापारीच म्हणाला, "अहो, जाळ्याचं वजन धरलंय यात. जाळ्याचं वजन किती?"

"काय म्हणालात?" मी विचारलं. "नीट ऐकू आलं नाही. रामूभाऊ, तुम्ही विचारा की, इंग्रजीत."

रामू खाली बघत पुटपुटला, "वेट ऑफ नेट किती?"

बायका अशा हसल्या की पत्रे वाजले. मी ताठ उभी राहून सांगितलं, "एक किलो."

आणि सांगताक्षणी मनात वजाबाकी केली. साडेअठरातून एक गेला, साडेसतरा. सतरा नाहीत! अर्धा किलो वर. रामूने लगेच मान वर केली. "अर्धा किलो! पेटीमागे अर्धा किलो तरी खाल्लंच!" साहेबांनी माफीचा कागद पुढे सरकवला. मी बोटांवर परत मोजलं, परत तेच.

तेवढ्यात मागून आयचा आवाज आला. "अगो येडे, तू कुठलं वजन सांगतेस?"

"काल घरी मोजलं, आय. एक किलो भरलं."

"काल सुकं होतं ना? ह्ये सुताचं जालं हाय, नायलन नाय. पानी पितं. आता त्याच्यावर धा कलशा ओतल्यात. ओलं जालं मोज."

ओलं का सुकं! माझ्या नवऱ्याने पहिल्या दिवशी विचारलेला प्रश्न, आणि मी दहावी पास, विसरले. महादूने मासे सावकाश टोपलीत काढले, एक शेपूट राहू दिली नाही. ओलं जाळं एकटं काट्याला लावलं. व्यापाऱ्याने वाकून वाचलं आणि चष्मा पुसून परत वाचलं.

"दीड."

साडेअठरातून दीड. सतरा. ना एक मासा कमी, ना एक मासा जास्त. अहो, मला त्या क्षणी नाचावंसं वाटलं! बायकांनी असा कालवा केला की खाडीपलीकडे मुरबे गावाला ऐकू गेला असेल. व्यापारी रामूला म्हणाला, "म्हणजे दोन महिने तू मला बर्फ मासे म्हणून पाठवतोस?" रामूच्या खिशातली दोन्ही पेनं तशीच राहिली.

मी नवीन फॉर्म घेतला. ग्रॉस चोवीस. नेट सतरा. आणि खाली, जिथे ओळच नव्हती तिथे, माझ्या हाताने ओळ आखून लिहिलं: वेट ऑफ नेट, दीड किलो, ओलं. आयने शाईच्या डब्यात अंगठा बुडवला. साहेबांना वाटलं ती माफीच्या कागदाकडे जातेय. ती माझ्याकडे आली आणि सतराच्या शेजारी अंगठा उमटवला. म्हणाली, "पायजे होता ना अंगठा? घ्या."

साहेब उठून उभे राहिले. "मुकादमबाई, आमची चूक झाली. माफ करा."

"तुमी तोंडानं बोललात, बास झालं," आय म्हणाली. "पन ज्यानं चोर म्हटलं त्याला लिवता येतं. त्यानं लिवावं."

रामू कागद शोधायला लागला. मी म्हटलं, "शोधू नका. आहे." दाराकडे गेले, खिळा उपटला, दोन महिने वाऱ्या-पावसात पिवळा पडलेला माझा तो पहिला फॉर्म काढला आणि टेबलावर पालथा ठेवला. "मागची बाजू कोरी आहे."

त्याने लिहिलं. शुद्ध मराठीत लिहिलं, येसूबाई आणि सर्व भगिनींची क्षमा मागतो म्हणून, खाली सही. मी आयला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने ऐकलं, मान हलवली, आणि तो कागद त्याच खिळ्याने त्याच दाराला ठोकला, ती बाजू वर करून.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. ट्रकवाला माझा हात खराट्याकडे जातोय का ते बघत लांबच उभा राहिला. मीच ओरडले, "काय रे, गप्प का? हाक मार की!"

"नेटवाली भाभी," तो घाबरत म्हणाला, "आज नेट कितना हुआ?"

"सत्रा," मी म्हटलं. "लिख."